सेय्दिसफ्योर्दुर : एका दिवसाचे बंदर

आइसलँडच्या पूर्व किनाऱ्यावर, सुमारे १७ किलोमीटर लांबीच्या फ्योर्डच्या टोकाशी सेय्दिसफ्योर्दुर हे जेमतेम सातशे वस्तीचे बंदर आहे. डेन्मार्कहून फेरो बेटांमार्गे येणारी बोट इथेच लागते. धक्क्यावरून सगळे गाव पायी हिंडता येते. रंगीत लाकडी घरे हेरिंग मासळीच्या धंद्यासाठी आलेल्या नॉर्वेजियन व्यापाऱ्यांच्या काळातली. लाकूडही नॉर्वेचेच, कारण आइसलँडमध्ये इमारती लाकूड जवळपास नव्हतेच. इंद्रधनुषी पट्ट्यांचा रस्ता फिकट निळ्या चर्चपाशी पोहोचतो. तिथे फोटोसाठी झुंबड उडते. खरी मजा मात्र डोंगरउतारावर. थोडे चढून गेल्यावर काँक्रीटचे पाच घुमट लागतात. लुकास क्यूने या जर्मन कलाकाराचे हे २०१२ मधले ‘त्वीसोंगुर’. आत गुणगुणले की प्रत्येक घुमट वेगळ्या सुरात घुमतो. उन्हाळ्यातही धुके आणि पाऊस कधीही गाठतात, तेव्हा जाड जॅकेट बोटीवर विसरून चालत नाही.