मॉरिशसचे पक्षी : घरचे कोण, पाहुणे कोण?

मॉरिशसला सहलीला गेलेल्या मराठी माणसाला पहिल्या सकाळी जे पक्षी दिसतात, त्यांतले बरेचसे त्याच्या ओळखीचेच असतात. न्याहारीच्या टेबलावरचा पावाचा तुकडा पळवणारी साळुंकी, हिरवळीवर दाणे टिपणारा होला, कुंपणावर तुरा ताठ करून बसलेला शिपाई बुलबुल, उसाच्या मळ्यातून ओरडणारा तित्तिर, पोर्ट लुईच्या बाजारात कावळा आणि चिमणी. मुंबईहून साडेचार हजारांहून अधिक किलोमीटर उडून जायचे आणि पाहायचे काय, तर आपल्याच अंगणातली मंडळी! हौशी पक्षिनिरीक्षक इथे थोडा हिरमुसतो. पण ही ओळखीची यादी म्हणजे त्या बेटाच्या इतिहासाचे पहिले पान आहे, असे माझे मत आहे आणि ते पान कसे वाचावे हे सांगण्यासाठी हा लेख.

मी पक्षिशास्त्राचा पदवीधर नाही. नोकरी सांभाळून, ग्रंथालयात बसून, जमेल तशी पायपीट करून जे शिकलो तेवढीच माझी शिदोरी. माणसाने बोटीतून इकडचे तिकडे नेलेले पक्षी हा माझा गेल्या काही वर्षांचा आवडीचा विषय. कुटुंबासोबत मॉरिशसला जाण्याचा योग आला, तेव्हा मी वहीत नेहमीपेक्षा एक रकाना जास्त आखला. पक्ष्याचे नाव, जागा, वेळ हे रकाने सगळेच ठेवतात. माझा चौथा रकाना होता : ‘हा इथे कधी आला, आणि कोणी आणला?’

बोटीतून आलेले

मॉरिशस हे ज्वालामुखीतून वर आलेले बेट. मादागास्करच्या पूर्वेला आठ-नऊशे किलोमीटरवर, चारी बाजूंनी खोल समुद्र. ते कधीही कोणत्या खंडाला जोडलेले नव्हते. त्यामुळे वटवाघळे सोडली, तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी तिथे आपण होऊन पोचला नाही. उंदीर नाही, मांजर नाही, माकड नाही. अशा बेटावर उडत पोचलेल्या पक्ष्यांना लाखो वर्षे भिण्यासारखे फारसे काही उरले नाही. काहींनी उडणेच सोडले. डोडो हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण.

डच लोक १५९८ मध्ये बेटावर उतरले. डोडो जिवंत पाहिल्याची जी शेवटची नोंद बहुतेक अभ्यासक ग्राह्य धरतात, ती १६६२ची आहे. म्हणजे जेमतेम ६४ वर्षे. खलाशांनी डोडो खाऊन संपवला, ही समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. शिकार झालीच, पण मोठा घाव घातला तो बोटीतून उतरलेल्या उंदीर, डुकरे आणि माकडांनी. जमिनीवर अंडे घालणाऱ्या पक्ष्याला या चोरांपासून वाचायचा अनुभवच नव्हता.

पुढे बेट फ्रेंचांकडे गेले, मग १८१० मध्ये इंग्रजांकडे. प्रत्येक राजवटीने काहीतरी आणले. आपली साळुंकी फ्रेंचांनी १७६२ मध्ये भारतातून नेली. उसाचा फडशा पाडणाऱ्या टोळांचा बंदोबस्त करण्यासाठी. किडीवर पक्षी सोडण्याच्या ज्ञात प्रयोगांत हा फार जुना मानतात. शिपाई बुलबुल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोचला. आपला नेहमीचा पोपटही त्याच शतकाच्या उत्तरार्धात आला आणि मोकळा होऊन वाढला. उंदीर आवरण्यासाठी १९०० च्या सुमारास भारतातूनच मुंगूस नेले गेले. त्यांनी उंदीर खाल्ले, आणि पक्ष्यांची पिल्लेही खाल्ली.

या प्रत्येक आयातीमागे कोणाची तरी सोय होती : ऊस वाचवणे, साथ रोखणे, बाग सजवणे, पिंजऱ्यात विरंगुळा. वाईट हेतू कुठेच दिसत नाही. बेटाचा घात झाला तो अशा बेताच्या हिशेबांनी.

घरचे कुठे गेले?

मग मॉरिशसचे स्वतःचे पक्षी दिसतात कुठे? एक अपवाद हॉटेलच्या बागेतही भेटतो. ‘पिक-पिक’ म्हणून ओळखला जाणारा इवलासा करडा पक्षी, आपल्या चष्मेवाल्याचा भाऊबंद. फुलझाडांत थव्याने फिरतो. त्याने बदललेल्या बेटाशी जुळवून घेतले. बाकीच्यांना मूळचे जंगल लागते, आणि चांगल्या अवस्थेतले मूळ जंगल आता बेटाच्या दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे. त्याचा मोठा भाग नैर्ऋत्येकडच्या ब्लॅक रिव्हर गॉर्जेस या राष्ट्रीय उद्यानात आहे. सुमारे साडेसहा हजार हेक्टरांच्या या उद्यानाची घोषणा १९९४ मध्ये झाली. सहल कंपन्यांच्या गाड्या तिथल्या सज्जावर दहा मिनिटे थांबतात, फोटो होतात, गाडी निघते. एक सकाळ मोकळी काढून पायवाटेने आत गेले, तरच पक्षी भेटतात.

तिथे तीन पक्षी मला पाहायचे होते. तिघांचीही गोष्ट अंकगणिताची आहे.

पहिली मॉरिशसची खरूची. हा छोटा शिकारी पक्षी झाडांवरच्या हिरव्या पाली टिपून जगतो. जंगलतोड, अंड्यांवर टपलेले परके प्राणी आणि मलेरियाविरुद्ध फवारलेले डीडीटी या सगळ्यांमुळे १९७४ मध्ये निसर्गात फक्त चार खरूच्या उरल्याची नोंद होती. दुसरे गुलाबी कबूतर. अंगावर फिकट गुलाबी छटा, शेपटी तांबूस. १९९० च्या सुमारास मोकळ्या निसर्गात ती दहाच्या आसपास होती. तिसरा एको पोपट. १९८०च्या दशकात तोही दहा-बाराच्या घरात आला होता.

कार्ल जोन्स हा वेल्सचा तरुण जीवशास्त्रज्ञ १९७९ मध्ये मॉरिशसला आला, तो खरे तर खरूचीचा खर्चिक आणि निष्फळ ठरत चाललेला प्रकल्प आवरता घेण्यासाठी. तो थांबला आणि कामाला लागला. त्याची युक्ती ऐकायला साधी आहे. खरूचीची पहिली अंडी काढून घेतली, की मादी पुन्हा अंडी घालते. काढलेली अंडी यंत्रात उबवायची, पिल्ले हाताने भरवून वाढवायची, थोडी मोठी झाली की जंगलात सोडायची आणि स्वतः शिकार करू लागेपर्यंत खाणे पुरवत राहायचे. घरट्यांसाठी पेट्या टांगायच्या, त्यांच्याभोवतीचे उंदीर-मुंगूस पकडायचे. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत तीनशेहून अधिक खरूच्या अशा सोडल्या गेल्या. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनने हेच काम कबुतर आणि पोपटासाठीही केले. आज गुलाबी कबुतरे पाचशेच्या आसपास आहेत, एको पोपट सातशेच्या पुढे गेले आहेत.

कथा इथेच संपवली, तर ऐकायला गोड वाटेल. पण २०१४ मध्ये खरूचीला जागतिक यादीत पुन्हा वरच्या धोक्याच्या गटात टाकावे लागले, कारण संख्या परत घसरली. मोजक्या पूर्वजांपासून वाढलेल्या कुळात रक्तातली विविधता कमी असते. गुलाबी कबुतरांसाठी जंगलात आजही दाण्याच्या पेट्या भराव्या लागतात. ब्राझीलकडून आलेल्या लाल पेरूची झुडपे मूळ झाडांच्या रोपांना वर येऊ देत नाहीत, ती हाताने उपटावी लागतात. पर्यटक तो पेरू आवडीने तोडून खातात, मीही खाल्ला. चव चांगली आहे, आणि तीच अडचण आहे. पक्षी आणि माकडेही तो खाऊन बिया पसरवतात. थोडक्यात, चार पक्ष्यांचे चारशे करता येतात, पण त्यांना सोडून घरी जाता येत नाही.

दोन पोपट

चौथ्या रकान्याचा कस लागतो तो पोपटांपाशी. एको पोपट आणि आपला पोपट लांबून अगदी सारखे. ओळखायच्या खुणा अशा : एको अंगाने भरलेला, रंगाने गडद, शेपटीने आखूड. मादीची वरची चोच पाहावी. आपल्या पोपटात नरमादी दोघांची चोच लाल असते, एकोच्या मादीची काळपट. गॉर्जेसमधल्या पायवाटेवर काळ्या चोचीचा पोपट दिसला, तेव्हा मी वहीत वेळ दोनदा लिहिली.

एको पोपट जुन्या झाडांच्या ढोलीत घरटे करतो. जुनी झाडे थोडी आणि त्याच ढोल्यांवर आपला पोपट आणि आपली साळुंकी दोघांचा डोळा. म्हणून त्याला खास बनवलेल्या पेट्या द्याव्या लागतात.

पण गंमत पुढेच आहे. जनुकीय अभ्यास सांगतात, की एको पोपटाचे पूर्वज आपल्या पोपटाच्याच कुळातले, बहुधा भारताच्या बाजूने आलेले. म्हणजे यजमान आणि पाहुणा दोघे चुलतभाऊ. एक लाखो वर्षांपूर्वी पंखांवर आला, दुसरा काल-परवा पिंजऱ्यातून. डोडोचे पूर्वजही आग्नेय आशियाकडून उडत आलेली कबुतरेच. मग ‘घरचा’ कोणाला म्हणायचे?

मला वाटते, फरक रक्ताचा नाही, वेगाचा आहे. वाट चुकून एखादा थवा हजारो वर्षांत एकदा येतो, तेव्हा बेटाला जुळवून घ्यायला सवड मिळते. बोटी आल्या आणि अडीच-तीनशे वर्षांत उंदीर, मांजर, माकड, मुंगूस, साळुंकी, बुलबुल, पोपट, पेरू असे सगळे एकदम उतरले. तेवढी सवड कोणाला मिळाली नाही.

हे लिहिताना एक सावधगिरी बाळगतो. परके-स्थानिक ही भाषा पक्ष्यांवरून माणसांवर घसरायला वेळ लागत नाही. मॉरिशसला तर आपलीच माणसे १८३४ नंतर गिरमिटावर गेली. कोकणातून मुंबई बंदरामार्गे गेलेल्यांचे वंशज आज तिथे मराठी शिकतात, गणेशचतुर्थीला तिथे सार्वजनिक सुटी असते. ऊस त्यांनी लावला नव्हता, त्यांना उसासाठी नेले होते. आणि डोडोच्या शोधातही अशा मजुरांचा हात, खरे तर पाय आहे. १८६५ मध्ये जॉर्ज क्लार्क या शाळामास्तराला आजच्या विमानतळाजवळच्या ‘मार ओ सोंज’ या दलदलीत डोडोची हाडे सापडली. त्याने स्वतः लिहून ठेवले आहे, की मजुरांना पाण्यात उतरवले आणि त्यांनी अनवाणी पायांनी चिखल चाचपून हाडे शोधली. त्या काळचे मळ्यांवरचे बहुतेक मजूर भारतीय. जगभरच्या संग्रहालयांतल्या डोडोच्या सांगाड्यांचा मोठा भाग त्या दलदलीतून आला. क्लार्कचे नाव राहिले, पायांनी हाडे शोधणाऱ्यांचे राहिले नाही.

सहलीला जाणाऱ्यांसाठी

दिवाळीच्या सुट्टीत तिथे वसंत असतो आणि खरूचीचा विणीचा हंगाम चालू असतो, तेव्हा वेळ चांगली आहे. एक दिवस गॉर्जेससाठी ठेवा, पहाटे निघा. दुसरा अर्धा दिवस माहेबुर्गजवळच्या ईल ओ झेग्रेत या २६ हेक्टरांच्या चिमुकल्या बेटासाठी. तिथले उंदीर हटवले आहेत, मूळ झाडे पुन्हा लावली आहेत, आणि गुलाबी कबूतर वाटेवर हाताच्या अंतरावर दिसू शकते. नामशेष झालेल्या स्थानिक कासवांच्या जागी तिथे आल्डाब्राची महाकाय कासवे सोडली आहेत. ती फळे खाऊन बिया पसरवण्याचे जुने काम पुढे चालवतात. वाटाड्याबरोबरच जाता येते आणि तिकिटाचे पैसे संवर्धनाला लागतात. पोर्ट लुईच्या निसर्गइतिहास संग्रहालयात डोडोचा सांगाडाही पाहा.

आणि परतल्यावर नकाशात आपली बेटे पाहा. २००२ मध्ये डोडोच्या जतन केलेल्या अवशेषातून जनुकद्रव्य काढून तपासले, तेव्हा त्याचा सर्वांत जवळचा जिवंत नातलग निघाला निकोबारी कबूतर. हिरव्या-तांबूस झळाळीचे, मानेवर लांब पिसे आणि आखूड पांढरी शेपटी असलेले हे कबूतर आपल्या देशात निकोबार बेटांवर राहते. जंगलातल्या जमिनीवर फळे-बिया वेचते आणि एका वेळी एकच अंडे घालते. त्याच द्वीपसमूहातल्या ग्रेट निकोबारवर बंदर, विमानतळ, वीजकेंद्र आणि नगर उभारण्याच्या प्रकल्पाला नोव्हेंबर २०२२ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. त्यासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल वळते व्हायचे आहे. त्यामागेही सोयीचा हिशेब आहेच आणि तो मांडणाऱ्यांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. मॉरिशसला साळुंकी नेणाऱ्यांचा हेतूही वाईट नव्हता. फक्त बोटीबरोबर आणखी काय काय उतरेल आणि ते निस्तरायला किती पिढ्या दाण्याच्या पेट्या भराव्या लागतील, हा खर्च त्यांच्या हिशेबात नव्हता. आपल्या हिशेबात तो धरायला अजून वेळ आहे.