होडीचा रंग उडाला. पण होडी अजून पाण्यात घालण्याजोगी आहे का?

अल्लीपूर (ता. हिंगणघाट) : लाकडी डोंग्याला दरसाल डांबर चोपडावे लागे, फटी बुजवाव्या लागत. फायबरची, प्लास्टिकची होडी आली आणि हिला काही करावेच लागत नाही, असा समज होऊन बसला. आपल्याकडचे ऊन हा समज काही उन्हाळ्यांत मोडून काढते. वैशाखात तळे आटले की होडी काठावर पालथी पडते आणि वर पंचेचाळीस अंशांचे ऊन. निळी होडी पांढुरकी होते, हात फिरवला तर तळव्याला खडूसारखी भुकटी लागते. मग एक जण म्हणतो, ‘रंग मारून घेऊ, नवी दिसते.’ दुसरा म्हणतो, ‘चालते ना, पाण्यात तर जाते!’ धोका दोघांच्याही बोलण्यात आहे.

उन्हातले अतिनील किरण प्लास्टिकच्या लांब साखळ्या तोडतात. आधी वरचा थर मरतो, मग हळूहळू आतले. शेतातला काळा पाइप वर्षानुवर्षे टिकतो, कारण त्यात दोन-अडीच टक्के काजळी मिसळलेली असते. ती किरण पिऊन घेते. रंगीत होडीत संरक्षक रसायन घातलेले असले तरी ते वर्षागणिक सरत जाते.

दुरुस्तीआधी होडी कशाची आहे ते ओळखा. काठाचा नखाएवढा तुकडा खरवडून पाण्याच्या ग्लासात टाका, बोटाने बुडवा. वर आला तर बहुधा पॉलिथिन, म्हणजे छतावरच्या पाण्याच्या टाकीचे भाऊबंद. तळाशी बसला तर बहुधा फायबर, म्हणजे काचेची चटई आणि रेझिन.

फायबरची होडी पुन्हा उजळते. साबणाने धुवा, मग पाण्याचा कागद ओला करून घासा : आधी चारशे नंबर, मग आठशे, मग बाराशे. त्यावर गाडीला लावतात ते रबिंग कंपाउंड, शेवटी मेण. पण हाताला आवर हवा. वरचा रंगीत थर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. काचेचे तंतू दिसू लागले की थांबा. तिथून पाणी आत मुरते, आणि नवा थर दिल्याशिवाय ती जागा सोडू नका. सगळीकडे बोटाच्या पेराने ठोकून पाहा. टणक आवाज आला तर ठीक, भद्द आला तर आतले पापुद्रे सुटलेत. ती जागा कापून चटई-रेझिनने भरावी लागते. रेझिन घट्ट करणारी दोन रसायने, कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट, कधीही थेट एकत्र ओतू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळू द्या, मगच दुसरे. तोंडाला फडके नको, धुळीचा मास्क लावा; काचेची धूळ वाईट.

पॉलिथिनचे वेगळे. त्याला रेझिन चिकटत नाही, रंगाचे पापुद्रे सुटतात. वरचा केसाळ भाग धारदार पात्याने खरवडायचा, एवढेच. चीर असेल तर दोन्ही टोकांना बारीक भोक पाडा, म्हणजे ती पुढे पळत नाही. मग त्याच प्लास्टिकची कांडी घेऊन गरम हवेने जोड द्यायचा. मात्र खरवडलेली साल वाकवताच तुटली, तर प्लास्टिक कुजले समजा. अशा होडीवर पैसे घालू नका, जनावरांना पाणी पाजायला ठेवा.

हे सगळे रंग मारण्याआधी व्हायला हवे, कारण रंगाखाली चीर झाकली जाते. यशोदेला पूर आला की अल्लीपूर-अलमडोह रस्ता बंद पडतो, आणि अशा वेळी काठावरची होडी कोणी ना कोणी ओढतोच. वर्धा नदीवर वरूड तालुक्यातल्या झुंज येथे १४ सप्टेंबर २०२१ रोजी नाव उलटून ११ जण गेले. एका नावेत १३ माणसे होती. होडी कितीही धड असली तरी तिला भार मोजूनच द्यावा लागतो. आणि तिच्या अंगात चीर असेल तर मोजायचे तरी काय?

काम मृगाआधी उरका. रेझिन सकाळी उन्हे चढायच्या आत कालवा, नाहीतर भांड्यातच दगड होतो. नंतर होडी सावलीत ठेवा. पऱ्हाटीचा मांडव पुरतो. निळी ताडपत्री घातली तर दोन उन्हाळ्यांत तीच फाटायला लागते.