गाडीनं काय वाहिलं, ते विचारा

हळदीचा हंगाम भरात आला की हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केटसमोर वाहनांची रांग लागते. त्या रांगेत ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात, छोटे टेम्पो असतात आणि लांबच्या गावांतून कट्टे घेऊन आलेल्या पिकअप असतात. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाच तालुक्यांचा हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इथला पैसा शेतात पिकतो आणि मोंढ्यात मोजला जातो. शेत आणि मोंढा यांच्यामधलं अंतर तोडणारं वाहन म्हणजे पिकअप, आणि अनेक घरांत ती पहिल्यांदा येते ती जुनी, दुसऱ्याच्या हातची.

पिकअप म्हटलं की गावात बहुतेकदा महिंद्राची बोलेरो पिकअपच डोळ्यांसमोर येते. बोलेरो ही प्रवासी गाडी २००० मध्ये बाजारात आली. तिच्याच नावानं निघालेल्या मालवाहू गाडीनं खेड्यापाड्यांत जम बसवला. २५२३ सीसीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, खाली शिडीसारखी लोखंडी चेसीस, मागच्या अ‍ॅक्सलवर पोलादी पाटे आणि वर हौदा, असा तिचा सरळ हिशेब. मॉडेलनुसार १.३ टन, १.७ टन अशी तिची वाहण्याची क्षमता असते. पन्नास किलोचा कट्टा धरला तर १.७ टन म्हणजे ३४ कट्टे. टाटाच्या ‘छोटा हाथी’पेक्षा ओझं जास्त आणि ४०७पेक्षा खर्च कमी, म्हणून मधल्या शेतकऱ्याला ती परवडते.

ती वर्षभर कामात असते. जून-जुलैत बियाणं आणि खत, ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीन, उन्हाळ्यात हळद, मधल्या काळात भाजीपाला, लग्नाचं सामान, कडबा. स्वतःचा माल संपला की शेजाऱ्याचा. नव्या गाडीचा हप्ता मात्र बारा महिने सारखाच असतो आणि शेतातला पैसा दोन-तीन हंगामांतच हाती येतो. जुनी गाडी घेण्यामागचं खरं कारण हे आहे.

जुनी गाडी बघायला गेल्यावर पहिला प्रश्न येतो, किती चालली? हा प्रश्न अपुरा आहे. मीटरचा आकडा बदलता येतो. बदलला नसला, तरी दोन गाड्यांचे एक लाख किलोमीटर सारखे नसतात. एकीनं डांबरी रस्त्यावर दूध आणि भाजी वाहिली असेल, दुसरीनं खाणीतून खडी आणि नदीतून ओली वाळू. दुसरीचे एक लाख पहिलीच्या तीन लाखांनाही भारी पडू शकतात. म्हणून विचारायचं ते हे, की गाडीनं काय वाहिलं. मालक सांगेल न सांगेल, गाडी सांगतेच.

त्यासाठी आधी गाडीखाली जायचं. केबिनच्या मागं, हौदा सुरू होतो तिथं चेसीसवर सर्वांत जास्त ताण येतो. त्या जागी नवं वेल्डिंग, ठिगळ लावलेली पट्टी किंवा फक्त तेवढ्याच भागावर ताजा काळा रंग दिसला तर गाडी ओझ्यानं वाकलेली आहे असं समजून पुढं तपासावं. मग पाटे मोजायचे. कंपनीनं दिले त्याहून एखादा पाटा जास्त असेल तर गाडीवर क्षमतेबाहेर माल पडत होता याची ती कबुलीच. हौद्याचा तळ उघडा करून बघावा. वाळू आणि खडीनं पत्र्याला खोल खळगे पडतात. खताचे सांडलेले दाणे ओल धरून पत्रा कोपऱ्यांतून खातात.

इंजिनाची परीक्षा थंड असताना. आपण पोचायच्या आधी गाडी सुरू करून गरम ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा यावं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे डिझेल पूर्ण जळत नाही, आणि गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबला नाही तर कूलंट आत शिरत असण्याची शंका. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण काढून फकफक धूर येतो का ते मेस्त्रीला बघू द्यावं. मग थोडा माल भरून चढावर चालवावी. रिकामी गाडी क्लच आणि डिफरन्शिअलचे दोष लपवते, भरलेली उघड करते.

कागद हा गाडीचाच एक भाग आहे. आरसीवरचा चेसीस नंबर लोखंडावर कोरलेल्या नंबराशी स्वतः ताडून घ्यावा. वाहन पोर्टलवर फिटनेस, विमा आणि कर्जाची नोंद दिसते. कर्ज फिटलं असलं तरी बँकेची ना-हरकत आणि फॉर्म ३५ लागतो. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. गाडी तेलंगणातली असेल तर फॉर्म २८. एमएच-३८ ही हिंगोलीचीच पाटी बघून निर्धास्त होऊ नये. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो, तो खर्च सौद्याच्या वेळीच धरावा. विकणाऱ्यानंही नाव लवकर बदलून घ्यावं. नोंद ज्याच्या नावावर, अपघाताची भरपाईही त्याच्याच अंगावर, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे.

घरी आल्यावर गाडीची देखभाल हंगामाप्रमाणे चालावी. पावसाळ्यात पाणंदीतून आली की चाकांच्या आतला, पाट्यांमधला आणि ब्रेकजवळचा चिखल त्याच दिवशी धुवावा. रेगड वाळली की दगड होते आणि ओल धरून ठेवते. धुतल्यावर ग्रीस गननं निप्पल भरावेत. सोयाबीन आणि हळदीच्या दिवसांत धूळ फार, म्हणून एअर फिल्टर वेळेआधीच बघावा. डिझेल फिल्टरमधलं साचलेलं पाणी काढत राहावं. कॉमन रेल इंजिनाच्या इंजेक्टरला पाणी आणि कचरा दोन्ही महाग पडतात. रेडिएटरात बोअरचं पाणी घालू नये, त्यातले क्षार नळ्यांत बसतात आणि ऐन मे महिन्यात इंजिन तापतं. टर्बोची गाडी ओझं ओढून आली की मिनिटभर रिकामी चालू देऊन मग बंद करावी.

सगळ्यात मोठी देखभाल म्हणजे न भरलेला कट्टा. ३४च्या जागी ५० कट्टे टाकले की एक फेरी वाचते, पण पाटे, टायर, बेअरिंग आणि ब्रेक त्याची किंमत मोजतात. उतारावर ती किंमत माणसाच्या जिवापर्यंत जाते. केंद्रीय मोटार वाहन कायद्यात जादा भाराला २० हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनामागे दोन हजार आहेत. हळदीच्या एका फेरीचं भाडं त्यापुढं काहीच नाही.

एक साधी वही गाडीत ठेवावी. ऑइल कधी बदललं, कोणता सुटा भाग टाकला, कोणत्या हंगामात कोणता माल वाहिला, हे त्यात लिहावं. आजचा गिऱ्हाईक हा उद्याचा विकणारा असतो. भाव ठरवताना अशी वही पुढं ठेवली तर घासाघीस कमी होईल आणि नीट वापरलेल्या गाडीला नीट पैसे मिळतील. जुन्या गाड्यांच्या व्यवहारात विश्वास कमी पडतो तो नोंदी नसल्यामुळे. तो वाढवणं शेतकऱ्याच्या हातात आहे आणि त्याला खर्च येतो तो एका वहीचा.