पडद्याला साडीचा काठ

जुनी इरकल विरली तरी काठ बहुतेक वेळा धडच असतो. तो टाकू नका! पडदा बांधायला त्याची दोन फुटांची पट्टी कापा, मागे अस्तर लावा, दोन्ही टोकांना कड्या शिवा आणि भिंतीतल्या हुकात अडकवा. माझ्या पांढऱ्या सुती पडद्यावर लाल काठ काय उठून दिसतो!

उंची मात्र सांभाळा. बरोबर मध्यावर बांधलं की पडदा कंबर आवळल्यासारखा दिसतो. सात फुटी पडदा जमिनीपासून साधारण 28 ते 30 इंचांवर बांधा, वरचा घोळ जरा सैल सोडा.

भाड्याच्या घरात खिळा ठोकायची चोरी? मग पडद्यालाच खाली सैल गाठ मारा. झिरझिरीत पडदा जुन्या बांगडीतूनही ओवता येतो. जाड पडद्याच्या नादात मी एक लाखेची बांगडी फोडली आहे.