वाऱ्याचाही हिशेब ठेवणारी सरासरी

गोल्फमध्ये कमी फटके मारेल तो जिंकतो. तरीही एखाद्या मैदानावर ९२ फटके मारणारा, दुसऱ्या मैदानावर ८६ मारणाऱ्यापेक्षा सरस ठरू शकतो. हे ठरवतं हँडिकॅपचं गणित, आणि ते उलगडायला लागलं की थक्क व्हायला होतं.

नवखा आणि कसलेला खेळाडू बरोबरीनं भिडू शकावेत म्हणून कमकुवत खेळाडूला काही फटक्यांची सूट द्यायची, ही जुनी रीत. पण सूट किती, हे मोजण्याच्या जगभरात सहा वेगवेगळ्या पद्धती होत्या. आर अँड ए आणि अमेरिकेची यूएसजीए या संस्थांनी जानेवारी २०२०पासून त्या सहांची मिळून एकच जागतिक पद्धत केली.

सरासरी म्हटलं की आपण सगळ्या आकड्यांची बेरीज करून भागाकार करतो. इथे तसं नाही. शेवटच्या २० फेऱ्या घ्यायच्या, त्यांतल्या सर्वांत चांगल्या ८ निवडायच्या आणि सरासरी फक्त त्यांची काढायची. उरलेल्या १२ हिशेबातच नाहीत! कारण हा आकडा तुम्ही एरवी कसे खेळता ते सांगत नाही. चांगल्या दिवशी तुमची मजल कुठवर जाते ते सांगतो. म्हणून बहुतेक दिवशी खेळाडू आपल्या हँडिकॅपपेक्षा वाईटच खेळतो, आणि त्यात गैर काहीच नाही.

आता ते ९२ आणि ८६. प्रत्येक मैदानाला दोन आकडे असतात. पहिला, कोर्स रेटिंग : तरबेज खेळाडूला तिथे साधारण किती फटके लागावेत. दुसरा, स्लोप : तेच मैदान सामान्य खेळाडूला तरबेजाच्या तुलनेत किती जड जातं. दीडशे यार्डांवरचं तळं तरबेज खेळाडू सहज ओलांडतो. नवख्याचा चेंडू नेमका त्यातच जातो. म्हणून मैदान अवघड झालं की दोघांचे फटके सारखेच वाढत नाहीत, दोघांमधली दरी रुंदावते. ही दरी पुरुषांसाठी ५.३८१ने गुणली की स्लोप मिळतो. दरी २१ फटक्यांची असेल तर उत्तर येतं ११३, आणि तेच प्रमाण मैदान मानलंय.

समजा, अवघड मैदानाचं रेटिंग ७१.२ आणि स्लोप १२८ आहे. ९२मधून ७१.२ वजा केले, उरले २०.८. त्याला ११३ने गुणून १२८ने भागलं की १८.४. सोप्या मैदानाचं रेटिंग ६८.४, स्लोप १०५. तिथले ८६ याच रीतीनं १८.९ होतात. सरासरीत धरतात ते हेच आकडे. आकडा जितका लहान तितका खेळ चांगला, म्हणजे ९२वाला पुढे.

मला सगळ्यांत विलक्षण वाटतो तो हवामानाचा भाग. त्या दिवशी वारा सुटला होता की पाऊस पडला होता, हे कुणी मोजत नाही. दिवसअखेर संगणक त्या मैदानावरच्या सगळ्यांचे स्कोअर गोळा करतो आणि प्रत्येकाच्या हँडिकॅपवरून अपेक्षित असलेल्या खेळाशी ताडून बघतो. सगळेच अपेक्षेपेक्षा बरेच वाईट खेळले असतील तर दोष खेळाडूंचा नाही, दिवसाचा. मग प्रत्येकाच्या हिशेबात ३ फटक्यांपर्यंत सवलत मिळते. दिवस फारच सोपा गेला असेल तर उलट एक फटका वाढतो. एवढ्यासाठी किमान ८ जणांचे स्कोअर लागतात. वाऱ्याचा वेग कुठेही नोंदवलेला नसतो, पण त्याचा परिणाम माणसांच्या फटक्यांतून बरोबर वाचला जातो.

एकाच होलवर सगळं फिसकटलं तर? त्यालाही मर्यादा आहे. पार ४च्या, म्हणजे चार फटक्यांत पुरा व्हावा अशा होलवर तुम्हाला एक फटका सूट असेल, तर तळ्यात चेंडू घालवत ११ फटके लागले तरी हँडिकॅपसाठी ७च धरतात.

आणि ही सरासरी सतत सरकत असते. एकविसावी फेरी आत आली की सर्वांत जुनी बाहेर पडते. ती जुनी फेरी तुमच्या चांगल्या आठांपैकी असेल, तर आज नेहमीसारखं खेळूनही हँडिकॅप वाढू शकतो. पण तो भरकटू नये म्हणून वर्षभरातल्या तुमच्या सर्वांत कमी हँडिकॅपशी दोरी बांधलेली असते. त्याच्यापेक्षा ३ने वर गेलात की पुढची वाढ निम्मीच धरली जाते, आणि ५च्या वर तर ती जाऊच देत नाहीत.