चेंडू जिथे पडला तिथून

२०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिम्पिक सुरू असताना आठवी-नववीची मुले वसतिगृहाच्या दूरचित्रवाणी संचासमोर बसली होती. कुस्ती आणि भालाफेक पाहण्यासाठी जमलेल्या त्या मुलांना मध्येच गोल्फ दिसला. अदिती अशोक आणि दीक्षा डागर या आपल्या देशाच्या दोन मुली खेळत होत्या. थोडा वेळ पाहून एकाने विचारले, "सर, यात पंच कुठे आहे?"

आम्ही पडलो इतिहासाचे शिक्षक. चटकन उत्तर देता आले नाही. मागाहून वाचून, विचारून जे समजले, ते त्या मुलापुरते न ठेवता या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावेसे वाटते. कबड्डी आणि खो-खोच्या मैदानावर वाढलेल्या आपल्या शाळेत गोल्फचे काय काम, ही शंका रास्तच आहे. आम्हालाही ती आली होती.

गोल्फचे मैदान विस्तीर्ण असते. अठरा खळगे, आणि कमीत कमी फटक्यांत चेंडू त्या प्रत्येकात घालायचा. खेळाडू लहान लहान गटांनी दूरवर पांगलेले असतात. नियमांचा अर्थ सांगणारे अधिकारी असतात, परंतु प्रत्येकाच्या मागे पंच उभा राहत नाही. फटक्यांची नोंद सहखेळाडू करतो, खेळाडू ती तपासतो आणि स्वाक्षरी करतो. एखाद्या खळग्यासाठी प्रत्यक्षापेक्षा कमी फटके लिहून दिले तर सहसा स्पर्धेतूनच बाद. जास्त लिहिले गेले तर ते जास्तीचेच कायम. १९६८ च्या मास्टर्स स्पर्धेत अर्जेंटिनाच्या रॉबर्टो दे व्हिसेन्झोने सतरावा खळगा तीन फटक्यांत पूर्ण केला होता. सहखेळाडूच्या हातून चार लिहिले गेले, आणि दे व्हिसेन्झोने न पाहता सही केली. त्या एका आकड्यामुळे विजेतेपदासाठीची बरोबरीची लढत हुकली. तो त्याचा पंचेचाळिसावा वाढदिवस होता. परीक्षेत उत्तरपत्रिका पुन्हा न वाचता देऊन टाकणाऱ्या मुलांना आम्ही हल्ली हीच गोष्ट सांगतो.

याहून प्रसिद्ध गोष्ट अमेरिकेच्या बॉबी जोन्सची. १९२५ ची यूएस ओपन. उंच गवतात फटक्याच्या तयारीत असताना चेंडू किंचित हलला, असे त्याने स्वतःच सांगितले. दुसऱ्या कोणीही ते पाहिले नव्हते. अधिकाऱ्यांनी निर्णय त्याच्यावरच सोपवला. त्याने स्वतःला एका फटक्याचा दंड लावून घेतला. स्पर्धा बरोबरीत सुटली आणि फेरलढतीत तो एका फटक्याने हरला.

येथेच थांबलो असतो तर हा लेख सुभाषितासारखा गोड झाला असता. परंतु इतिहासाच्या माणसाला पुढचे पान उलटण्याची खोड असते. याच जोन्सने जॉर्जिया राज्यात ऑगस्टा नॅशनल क्लबच्या स्थापनेत पुढाकार घेतला. मास्टर्स स्पर्धा भरते ती तेथेच. त्या स्पर्धेत पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, ली एल्डर, १९७५ साली उतरला. क्लबला पहिला कृष्णवर्णीय सभासद १९९० साली मिळाला. खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी वाहणारे कॅडी मात्र तेथे दीर्घकाळ कृष्णवर्णीयच होते. अमेरिकेतील व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेच्या घटनेत तर सभासदत्व केवळ गोऱ्यांसाठी असल्याचे कलमच होते. ते १९६१ मध्ये निघाले. गवतात हललेला चेंडू दिसणाऱ्या डोळ्यांना दाराबाहेर थांबवलेला माणूस दिसला नाही.

दक्षिण आफ्रिकेतील पापवा सेवगोलम हा गिरमिटिया भारतीय मजुरांचा वंशज. डरबनमध्ये तो कॅडी होता. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. उजव्या हाताखाली डावा हात, अशी त्याची काठी धरण्याची पद्धत प्रचलित रीतीच्या नेमकी उलट होती. शिकवायला कोणी नव्हतेच. तरीही १९५९, १९६० आणि १९६४ अशी तीन वेळा त्याने डच ओपन जिंकली. १९६३ मध्ये त्याने मायदेशी नाताळ ओपन जिंकली तेव्हा वर्णभेदाच्या कायद्यामुळे त्याला क्लबच्या इमारतीत प्रवेश नव्हता. त्याने चषक बाहेर, पावसात स्वीकारला. गोरे खेळाडू आत होते. १९६५ मध्ये गॅरी प्लेअरला मागे टाकून त्याने तीच स्पर्धा पुन्हा जिंकली. त्यानंतर सरकारने त्याच्या खेळण्यावरच बंदी घातली. १९७८ मध्ये तो दारिद्र्यात वारला. मंडपाबाहेर मातीच्या भांड्यातून चहा घेणारे आपले पालवणकर बाळू ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना यात परके असे काहीच वाटणार नाही.

गोल्फचा मूळ नियम असा, की चेंडू जिथे पडला असेल तिथूनच खेळायचा. खड्ड्यात पडला तर खड्ड्यातून. नशिबाची तक्रार चालत नाही. पण नियमावली तेवढ्यावर थांबत नाही. चेंडूशेजारी सुटे पान किंवा काटकी असेल तर ती उचलता येते. डबके तात्पुरते साचलेले असेल, दुरुस्तीसाठी जमीन खणलेली असेल, तर चेंडू दंडाशिवाय बाजूला घेता येतो. कोठे सोसायचे आणि कोठे सवलत मागायची, हे खेळाडूला माहीत असावे लागते. न मागणाऱ्याला ती आपोआप मिळत नाही.

हे आम्हाला वेळेवर कळले असते तर बरे झाले असते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका स्पर्धेला आमच्या मुलींचा खो-खो संघ घेऊन गेलो होतो. सकाळी पाऊस झाला, मैदान निसरडे झाले, मुली कुरकुरल्या. आम्ही म्हणालो, मैदान दोघांनाही सारखेच आहे, खेळा. ते योग्यच होते. दुपारी जेवणाच्या वेळी आमच्या संघाला सर्वांपासून वेगळे, शेवटच्या पंगतीत बसवले गेले. मुलींनी आमच्याकडे पाहिले. आम्ही तेव्हाही तेच म्हणालो, लक्ष खेळावर ठेवा. पाऊस आणि पंगत आम्ही एकाच मापाने मोजली. कारण तेव्हा आम्ही घाबरलो होतो, एवढेच.

आपल्याकडे अली शेर हा दिल्लीतील कॅडी १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकून गेला. बाबासाहेबांच्या जन्मामुळे आपल्याला ठाऊक असलेल्या महूचे मुकेश कुमार २०१६ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, एशियन टूरवरील आपली पहिली स्पर्धा जिंकले. गोल्फ महागडा आहे, आपल्या मुलांच्या हाती ती काठी लवकर येईल असा भ्रम आम्हाला नाही.

त्या खो-खो संघाची कर्णधार मध्यंतरी आपल्या मुलीला प्रवेश घेण्यासाठी शाळेत आली होती. आम्ही तिला पापवाची गोष्ट सांगितली आणि त्या दुपारबद्दल क्षमा मागितली. अंतिम सामन्याचा निकाल तिला आठवत नव्हता. पंगतीत आपल्यानंतर कोण बसले होते, ते आठवत होते.