ऑर्थोडॉन्टिक्स

ऑर्थोडॉन्टिक्स ही दंतवैद्यकाची एक शाखा असून वेडेवाकडे, पुढे आलेले, विरळ वा दाटीवाटीने उगवलेले दात आणि जबड्यांची विसंगत ठेवण यांचे निदान व उपचार तीत केले जातात. बोलीभाषेत या उपचारास ‘दातांना तारा बसवणे’ किंवा ‘क्लिप लावणे’ असे म्हणतात.

इतिहास

फ्रेंच दंतवैद्य प्येअर फोशार यांनी १७२८ मधील ग्रंथात दात सरळ करण्याच्या धातूच्या पट्टीचे वर्णन केले. अमेरिकेतील एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये दाढांच्या परस्परसंबंधावरून दंतविसंगतीचे तीन वर्ग पाडले. ते आजही वापरात आहेत. इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटीची स्थापना १९६५ मध्ये झाली.

कारणे

आनुवंशिकता हे प्रमुख कारण होय. दीर्घकाळ अंगठा चोखणे, तोंडाने श्वास घेणे आणि किडीमुळे दुधाचे दात अकाली पडणे ही अन्य कारणे आहेत.

कार्यपद्धती

दातावर सौम्य व सतत दाब दिल्यास दाबाच्या बाजूचे हाड झिजते आणि विरुद्ध बाजूस नवे हाड तयार होते. त्यामुळे दात हळूहळू सरकतो. ही गती महिन्याला साधारण १ मिलिमीटर असते. अधिक जोर लावल्यास मुळांना इजा संभवते. म्हणून उपचारास बहुधा दीड ते दोन वर्षे लागतात आणि दर चार ते सहा आठवड्यांनी तपासणी आवश्यक असते. तारा काढल्यावर दात पूर्वस्थितीकडे सरकू नयेत यासाठी रिटेनर वापरावा लागतो.

वयानुसार उपचार

सातव्या वर्षाच्या सुमारास पहिली तपासणी इष्ट मानली जाते. वाढीच्या वयात जबड्याच्या वाढीस दिशा देता येते. प्रौढांचे दातही सरकवता येतात. मात्र वाढ थांबल्यामुळे जबड्यातील मोठा दोष दूर करण्यास शस्त्रक्रिया लागू शकते. हिरड्यांचा विकार असल्यास तो आधी आटोक्यात आणावा लागतो.

बीड जिल्ह्यातील संदर्भ

बीड शहरात आदित्य दंत महाविद्यालय, तर छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालय आहे. जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. सोबत गेलेल्या मुलाच्या तपासण्या या काळात खंडित होतात. देखरेखीविना राहिलेल्या तारांमुळे हिरड्यांना जखमा होतात व ब्रॅकेटभोवती कीड लागते. त्यामुळे स्थलांतराची कल्पना डॉक्टरांना आरंभीच देणे महत्त्वाचे ठरते. मूल आजी-आजोबांकडे वा हंगामी वसतिगृहात राहणार असल्यास उपचार सुरू ठेवता येतो. अन्यथा क्ष-किरण चित्रे व नोंदी सोबत नेऊन तोडणीच्या ठिकाणाजवळील तज्ज्ञाकडे तो पुढे चालवावा लागतो. केवळ दात वाकडे असल्यास उपचार काही वर्षे पुढे ढकलता येतो; जबड्याच्या वाढीचा दोष असल्यास मात्र विलंबाने संधी हुकते.

जिल्ह्याच्या काही भागांतील भूजलात फ्लोराइडचे प्रमाण १.५ मिलिग्रॅम प्रति लिटर या मर्यादेहून अधिक आढळते. अशा पाण्याने डागाळलेल्या दंतवल्कावर ब्रॅकेटची पकड तुलनेने कमी राहू शकते.

गैरसमज

तारांमुळे दात कायमचे सैल होतात, हा समज निराधार आहे. उपचारकाळातील किंचित हालचाल अपेक्षित असून हाड भरून आल्यावर दात पुन्हा घट्ट होतात.